चार इसा नि बारा

मुलगी तीन वर्षांची व्हायच्या आतच आईबापांनी तिच्यासाठी दोन भाषा ठरवून टाकल्या. बाप माण तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावचा. तिथून पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, मग अमेरिका. आई पुण्याचीच, इंग्रजी माध्यमात शिकलेली. दोघांच्या नोकऱ्या सॅन फ्रान्सिस्कोत आणि भाड्याचं घर समुद्राकडच्या सनसेट भागात, जिथं ऐन उन्हाळ्यात दुपारपर्यंत धुकं हलत नाही. या शहरात फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून बालवर्गापासून बारावीपर्यंत शिकवणाऱ्या खासगी शाळा आहेत. त्यांतली एक तर १९६२ पासून चालू आहे. तशाच एका शाळेत मुलीचं नाव घातलं. वर्षाची फी तीस हजार डॉलरच्या वर. बापानं तो आकडा गावाकडे कधीच कुणाला सांगितला नाही.

फी भरली आणि घरात एक नियम झाला. इंग्रजी तर हवीच, फ्रेंच शाळा देणार, तेव्हा मराठी बंद. लहान मुलाचं डोकं म्हणजे एक डबा, दोन भाषांनी तो काठोकाठ भरला, आता तिसरी घातली तर झाकण बसायचं नाही, अशी त्यांची समजूत. ही समजूत त्यांना अमक्यानं दिली असं सांगता येत नाही. ती जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांगले शिकलेसवरले लोकही मानत, की दोन भाषांत वाढणारं मूल बुद्धीनं मागे पडतं. १९६२ साली माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी दहा वर्षांची मुलं तपासली, तर ती बुद्धीच्या कसोट्यांत एकच भाषा येणाऱ्या मुलांच्या पुढे निघाली. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे वाद झाले, पण जुनी भीती तेव्हापासून ओसरत गेली. या घरात मात्र ती दोन भाषांपुरतीच ओसरली होती. तिसरीचा प्रश्न आला तशी ती पुन्हा जशीच्या तशी उभी राहिली.

शाळा चांगली होती, हे आधीच सांगायला हवं. फ्रान्समध्ये तीन वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं ते २०१९ पासून, पण तिथला बालवर्ग त्याच्या कितीतरी आधीपासून मन लावून चालवला जातो. धाकटा गट, मधला गट, मोठा गट, आणि सहाव्या वर्षी ‘सेपे’, म्हणजे आपली पहिली. या शाळेत बालवर्गात दिवसाचा बहुतेक वेळ फ्रेंच असायची, पुढे अर्धा दिवस फ्रेंच आणि अर्धा इंग्रजी. दोन बाई, दोन वर्ग, शिकवायच्या दोन रीती. फ्रेंच वर्गात पहिल्यापासून एकमेकांत गुंफलेल्या अक्षरांचं वळण, त्यासाठी बारीक आडव्या रेघांची खास वही, आणि पाठ केलेली कविता उभं राहून म्हणायची. इंग्रजी वर्गात गालिच्यावर बसून गोष्ट ऐकायची, मग आपली आपण लिहायची, चुकलं तरी चालेल. एका वर्गात दशांशाच्या जागी स्वल्पविराम, दुसऱ्यात टिंब. एका वर्गात सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ, दुसऱ्यात नाही. मुलं हे सगळं विनातक्रार घेतात. वर्ग बदलला, की हात आपोआप सात बदलतो.

फ्रेंच गणिताच्या तासाला पाटी असते. बाई आकडा सांगतात, मुलं लिहितात, आणि खूण झाली की सगळ्या पाट्या एकदम वर जातात. कुणाला आलं, कुणाला नाही, बाईंना एका नजरेत कळतं. या रीतीला ला मार्तिनिएर पद्धत म्हणतात, कारण ती लियों शहरातल्या त्या नावाच्या शाळेत शार्ल-आंरी ताबारो या शिक्षकानं रुजवली. आणि ती शाळा उभी राहिली ती क्लोद मार्तां याच्या मृत्युपत्रातून. हा मार्तां लियोंचा, पण आयुष्यभराची कमाई केली अवधमध्ये आणि १८०० साली वारला तो लखनौला. त्याच्या पैशातून लखनौ, कोलकाता आणि लियों अशा तिन्ही गावांत शाळा निघाल्या. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतली पोर जी पाटी वर धरते, तिच्यामागे थोडी आपल्या मुलखाची मिळकतही आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण विद्या कुठून कुठे जाते याचा हिशेब कुणीच धड ठेवत नाही.

सेपेचं अर्धं वर्ष सरलं आणि मुलीची पाटी चुकायला लागली. एकोणसत्तरपर्यंत सगळं ठीक होतं. त्यापुढे फ्रान्सची फ्रेंच आकडे वेगळेच बांधते. सत्तर म्हणजे साठ-दहा. बहात्तर म्हणजे साठ-बारा. ऐंशी म्हणजे चार-वीस, आणि ब्याण्णव म्हणजे चार-वीस-बारा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी सत्तर आणि नव्वदला सरळ नावं ठेवली आहेत, पण ही शाळा पॅरिसच्या अभ्यासक्रमाची. बाई बहात्तर म्हणायच्या आणि मुलगी ६०१२ लिहायची. ब्याण्णवला ती ४२०१२ लिहून मोकळी व्हायची. दुपारी इंग्रजी वर्गात हीच मुलगी हेच आकडे बिनचूक मांडायची. सकाळी मात्र पाट्या वर गेल्या, की तिची पाटी सगळ्यांत शेवटी आणि खालीच. आपल्याकडेही २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावीसला ‘वीस दोन’ म्हणायचं ठरलं तेव्हा केवढी खडाजंगी झाली होती. आकडा लिहायला सोपा असतो, पण तो तोंडात कसा बसतो हे ज्याच्या त्याच्या घरावर असतं.

त्याच हिवाळ्यात माणहून आजी आली. मुलीच्या आईचं दुसरं बाळंतपण होतं, आणि तिच्या आईला एवढा प्रवास झेपणारा नव्हता. म्हणून सासू आली. पहिल्याच दिवशी सुनेनं तिला हलक्या आवाजात सांगितलं, “आई, एक सांगायचं होतं. तिच्याशी मराठीत नका बोलू तुम्ही. तिचा गोंधळ होतो.” आजीनं मान डोलावली. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. शिकलेल्या पोरांचं आपल्याला काय कळतंय, असं तिला वाटलं. लेकानं तिला कम, ईट आणि स्लीप असे तीन शब्द शिकवले. तेवढ्यावर ती नातीला जेवू घालायची, तेवढ्यावर निजवायची.

ज्या बाईनं अख्ख्या आळीतली पोरं गोष्टी सांगून झोपवली, ती स्वतःच्या नातीपुढे मुकी झाली होती. तान्ह्या नातवाशीही ती दार लावून बोलायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. म्हणूनच हे सांगायला जड जातं. पोरीचं भलं व्हावं यासाठी चौघं माणसं एका घरात अवघडून राहत होती.

एका संध्याकाळी बापानं मुलीला गणिताला बसवलं. कागदावर चार मोठे गोल काढले, प्रत्येकात वीस-वीस ठिपके, आणि बाहेर बारा. “हे बघ, चार गुणिले वीस, अधिक बारा,” असं त्यानं इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगितलं. मुलीला गुणाकार अजून यायचा होता. ती रडायला लागली. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून तो आतल्या खोलीत गेला. आजी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला राजमा निवडत बसली होती. पोर का रडते ते तिला कळेना. ती उठून नातीच्या मागे आली आणि तिनं तो कागद पाहिला. बोटानं एका गोलातले ठिपके मोजले. मग दुसऱ्यातले. “आगं, ह्या तर इसा हायेत,” ती स्वतःशीच म्हणाली.

तिनं परातीतून राजम्याचे वीस दाणे मोजून मुलीपुढे ढीग केला. “येक इस.” दुसरा ढीग. “दोन इसा.” गोवऱ्या, अंडी, बाजरीच्या पेंढ्या तिनं जन्मभर अशाच मोजल्या होत्या. स्वतःचं वयही ती असंच सांगायची. “तीन इसा. चार इसा.” मुलीचं रडू थांबलं होतं. ती ढीग बघत होती. आजीनं बाजूला बारा दाणे ओळीनं मांडले आणि म्हणाली, “चार इसा नि बारा.”

मुलगी हळूच म्हणाली, “कात्र-व्हां-दूझ.” आणि तिनं पाटीवर ९२ लिहिलं.

आजीला अर्थातच ते वाचता आलं नाही. पण पोरीचा चेहरा वाचता आला. मग खेळच सुरू झाला. आजी एक ढीग उचलून घ्यायची, दोन दाणे वाढवायची, मुलगी फ्रेंचमध्ये आकडा सांगून लिहायची. बाप फोन संपवून बाहेर आला, तेव्हा त्याची मुलगी टेबलावर गुडघे टेकून ओरडत होती, “आजी, इस! आनखी येक इस!” तो दारातच थांबला. लहानपणी तोही असंच मोजायचा. पुण्याच्या वसतिगृहात पोरं हसली, तशी त्यानं ती मोजणी टाकून दिली होती. आणि टाकली आहे हेसुद्धा तो विसरला होता.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात पाटीवर लिहिण्याआधी मुलगी ओठांत काहीतरी पुटपुटायला लागली. फ्रेंचच्या बाईंनी ते ऐकलं. त्यांनी आईबापांना भेटायला बोलावलं. आता बोलणी बसणार, घरी तिसरी भाषा शिरू दिली म्हणून, अशा तयारीनंच दोघं गेली. बाईंनी विचारलं, “ती मोजताना कोणत्या भाषेत मोजते?” बापानं सांगितलं, आजीचंही सांगितलं, आणि पुढे म्हणाला, की आम्ही हे थांबवू.

बाई म्हणाल्या, “थांबवू नका. माझी आजी असंच मोजायची.”

त्या ब्रिटनीच्या होत्या, फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या. तिथली जुनी भाषा ब्रेटन, आणि ब्रेटनमध्येही चाळीस म्हणजे दोन वीस, साठ म्हणजे तीन वीस, ऐंशी म्हणजे चार वीस. पॅरिसमध्ये तर तीनशे आंधळ्यांसाठी तेराव्या शतकात नवव्या लुईनं बांधलेल्या इस्पितळाचं नावच आजही ‘पंधरा-वीस’ आहे, असं त्यांनी सांगितलं. मग त्या आपल्या आजीबद्दल बोलल्या. त्या काळी ब्रिटनीच्या शाळांत मूल ब्रेटन बोलताना सापडलं, की त्याच्या गळ्यात लाकडी खडावेसारखी एखादी वस्तू अडकवत. दुसरं कुणी बोलताना सापडलं, की ती त्याच्या गळ्यात जायची. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात ती उरेल त्याला शिक्षा. बाईंच्या आजीनं ती वस्तू गळ्यात वागवली होती. पुढे तिनं स्वतःच्या मुलांशी ब्रेटनचा एक शब्द काढला नाही. मुलांना तसलं काही सोसायला लागू नये, एवढाच तिचा विचार होता. १९७७ साली तिथल्या काही पालकांनी पदराला खार लावून दिवान नावाच्या ब्रेटन शाळा काढल्या, पण तोवर कितीतरी घरांत ती भाषा बोलणारं शेवटचं माणूस गेलेलं होतं.

“मला इंग्रजी येते, स्पॅनिश येते, थोडी जर्मन येते,” बाई म्हणाल्या. “आजी शेवटच्या दिवसांत फक्त ब्रेटन बोलायची. मी तिच्या उशाशी बसले होते, आणि ती काय मागते आहे ते मला कळत नव्हतं. फ्रेंच आम्ही देऊ. इंग्रजी हे गाव देईल. ती तिसरी आमच्याकडे नाही, आणि तुम्ही कितीही फी भरलीत तरी आम्हाला ती देता येणार नाही.”

घरी परतताना दोघं ट्राममध्ये शेजारी बसून होती, बोलली नाहीत. घरी आल्यावर सून सासूजवळ गेली. “आई, बोला तिच्याशी.”

“काय बोलू?”

“काहीही बोला. आणि माझ्याशीही.”

त्या रात्री आजी बोलत होती. विहीर, दुष्काळ, चारा छावणी, मेलेली म्हैस, शिखर शिंगणापूरची यात्रा, सगळं एकात एक. मुलीला त्यातलं कितीसं कळलं असेल? पण ती झोपायला तयार नव्हती.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. याच शहरात चायनाटाउनमधल्या कँटोनीज बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून वर्गात नुसतंच बसवून ठेवत. त्यांचे पालक भांडले, आणि १९७४ साली ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्याला भाषा कळत नाही त्याला तेच पुस्तक आणि तोच वर्ग देणं म्हणजे समान शिक्षण नव्हे. पुढे १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच सरकारी शाळांतल्या द्विभाषिक शिक्षणावर बंधनं घातली, आणि ती उठवण्याचा कौल दिला २०१६ साली. त्या सगळ्या वर्षांत खासगी शाळांतून दोन भाषा हजारो डॉलरला मिळतच होत्या. मेक्सिकन मोलकरणीच्या पोरीची स्पॅनिश म्हणजे अडचण, आणि श्रीमंताच्या पोरीची फ्रेंच म्हणजे संपत्ती. हा भेद भाषेत नसतो. आपण तो लावतो, आणि माणच्या मराठीलाही आपण तो लावला होता.

पुढची वर्षं भराभर गेली. आजी व्हिसाची मुदत संपल्यावर परतली, पुन्हा दोनदा आली, एरवी रोज संध्याकाळी फोनवर दिसायची. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी मुलगी बाराखडी गिरवायला जाऊ लागली. फ्रेंच शाळेतल्या इयत्ता आजीला कधी उमगल्या नाहीत, कारण तिथं माध्यमिकला आकडे उलटे चालतात. आधी सहावी, मग पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, पहिली, आणि सगळ्यांत शेवटी ‘तेर्मिनाल’. “पोरगी शिकतीया वर नि इयत्ता चाललीया खाली,” असं ती गावभर सांगायची.

धाकटा भाऊ जन्मल्यापासून मराठी ऐकत वाढला. त्याला तीन भाषांत कधी ठेच लागली नाही. तो आजीसारखंच ‘लई’ म्हणायचा आणि ‘न्हाई’ म्हणायचा, भांडताना तर अस्सल माणदेशी व्हायचा. मुलीची मराठी मात्र जपून टाकलेल्या पावलांची राहिली. क्रियापद शोधताना ती थांबायची, ‘ळ’ तिला कधी नीट जमलाच नाही. तेरा-चौदा वर्षांची असताना एकदा तिनं आईला विचारलं, “त्याला पहिल्या दिवसापासून दिलीत. मला का नाही?” आईकडे उत्तर होतं, पण ते उत्तर म्हणजे सबब झाली असती. ती म्हणाली, “आम्हाला वाटलं, तुला जड होईल. आमचं चुकलं.” मुलीनं त्यावर काही म्हटलं नाही. तिच्या रागाला जागा होती, आणि सहा वर्षं परत आणून देणं कुणाच्याच हातात नव्हतं.

तेर्मिनालच्या वर्षी फ्रेंच बाकालोरेआमध्ये, म्हणजे शाळा संपतानाच्या परीक्षेत, ‘ग्रां ओराल’ नावाची तोंडी परीक्षा असते. ती २०२१ पासून सुरू झाली. विद्यार्थ्यानं आपल्या खास विषयांतले दोन प्रश्न वर्षभर तयार करायचे, परीक्षेच्या दिवशी दोन परीक्षक त्यांतला एक निवडतात. मग वीस मिनिटं तयारी आणि वीस मिनिटं त्यांच्यापुढे बोलणं आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणं. मुलीचा विषय गणित. तिच्या दोन प्रश्नांतला एक होता, माणसं विसाच्या पटीत का मोजतात? परीक्षकांनी नेमका तोच निवडला. तिनं माया लोकांची अंकपद्धती मांडली, बास्क आणि ब्रेटन मोजणी मांडली, दहाच्या पायावरचा आकडा विसाच्या पायावर कसा न्यायचा ते फळ्यावर करून दाखवलं. आणि सातारा जिल्ह्यातल्या एका गावात गोवऱ्या कशा मोजतात, तेही सांगितलं. परीक्षकांनी तिथंच सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले.

निकाल लागला त्या संध्याकाळी तिनं गावी फोन लावला. बाप शेजारी उभा होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं, कुठं अडलं तर समजावून सांगायला.

“आजी, मला सोळा मिळाले.”

“किती पैकी?”

“वीसपैकी. इकडे वीसपैकीच देतात.”

“म्हंजी इसातलं सोळा?” आजीनं जरा विचार केला. “मग चार कुठं गेलं गं?”

“ते त्यांनी ठेवून घेतले. इथं पूर्ण वीस बहुतेक कुणाला देतच नाहीत, आजी. सोळा म्हणजे लई झाले.”

“बरं. पर पुढच्या येळंला मागून घ्यायचं. सोडायचं न्हाई.” मग लगेच, “येणार कवा?”

“जुलैत. एकटीच येणार आहे. मुंबईहून कसं यायचं, ते तूच सांग मला. बाबांना नाही विचारणार.”

आजी सावरून बसली असावी, कारण तिचा आवाज मोठा झाला. “हे बघ. साताऱ्याला उतरायचं. ष्टँडावर दहिवडीची गाडी लागती, तिच्यात बसायचं, खिडकीजवळ. कंडक्टरला गावाचं नाव सांगायचं, म्हंजी तो फाट्यावर उतरून देतो. आन त्याच्यासंगं मराठीत बोलायचं, काय? विंग्रजीत बोललीस तर सुट्टं पैसं माघारी द्याचा न्हाई त्यो.”

“आणि फाट्यावरून पुढे?”

“फुडं चालत. चार इसा पावलं बी न्हाईत. मोजत ये.”